केनियातल्या मंडळीला पहिली भेट: गोव्यातून निघणाऱ्या स्वयंसेवकासाठी

वास्को, मुरगाव, फोंडा भागात बंदर, रेल्वे आणि शिपयार्डच्या नोकऱ्यांमुळे नगर, मिरज, कोल्हापूरकडून येऊन स्थायिक झालेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. अशा एखाद्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या समुदायाचा, केनियातल्या मंडळीशी संबंध जुळतो, पत्रव्यवहार होतो आणि मग एक दिवस पाळक (पास्टर) उपासनेनंतर विचारतात, 'तुमच्यापैकी कोण जाऊन येईल?' हात वर करणं सोपं असतं. पुढचे प्रश्न दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात: व्हिसा कुठला, इंजेक्शन कुठे, बॅगेत काय, रविवारी उभं करून बोलायला लावलं तर काय बोलायचं.

मी या सगळ्यातून गेलो आहे आणि नंतर जाणाऱ्यांची कागदपत्रंही तपासून दिली आहेत. त्यामुळे लोक कुठे अडतात ते माहीत आहे. सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. पहिल्या खेपेला तुम्ही तिथे पाहुणे म्हणून जाता. मिशनचं काम, शिकवणं, प्रकल्प वगैरे दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत यजमानांवर आपला भार कमी पडला आणि आपण त्यांना निष्कारण शब्द देऊन आलो नाही, तरी पुष्कळ झालं.

१. आधी निमंत्रणपत्र, मग तिकीट

व्हॉट्सअॅपवर 'या, केव्हाही या' असं आलं म्हणजे निमंत्रण आलं, असं समजू नका. मंडळीच्या लेटरहेडवर, पाळकांच्या सहीचं पत्र मागा. मागताना संकोच वाटतो, पण त्यांना त्याची सवय असते. पत्रात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. गोव्यात हा घोळ नेहमीचा: जन्मदाखल्यावर एक आडनाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव मधेच घुसलेलं. पत्रात हेही असावं: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, राहणार कुठे, काय करणार आणि खर्च कोणाचा. हा शेवटचा मुद्दा तिसऱ्या पायरीवर लागणार आहे.

आपल्या बाजूनंही पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीचा, ठराव आणि ओळखपत्र घ्या. सेक्रेटरी 'नंतर देतो' म्हणतील. पाठपुरावा करा.

२. ईटीए आणि परमिट यांत गल्लत नको

२०२४ च्या सुरुवातीपासून केनियानं जुना व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, सुरू केली. अर्ज ऑनलाइनच होतो आणि मूळ शुल्क ३० डॉलर आहे. अर्जासाठी केनिया सरकारचंच संकेतस्थळ वापरा, ज्याचा पत्ता 'डॉट गो डॉट केई' असा संपतो. सर्चमध्ये वर येणारी, अगदी सरकारी दिसणारी पानं बहुतेकदा एजंटांची असतात आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आणि काही पानं कोरी हवीत. मुदत संपत आली असेल तर आधी पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाची वाट धरा.

आता मुख्य सापळा. ईटीए ही पाहुण्याची परवानगी आहे. उपासनेला बसणं, मंडळीला भेटणं, शाळा-दवाखाना पाहणं यात चालतं. पण रोज वर्गावर शिकवणार किंवा दवाखान्यात काम करणार असाल, तर ते बिनपगारी असलं तरी 'काम'च धरलं जातं. थोड्या मुदतीसाठी तिथे स्पेशल पास असतो आणि दीर्घ मुक्कामाच्या धार्मिक-सेवाभावी कामासाठी 'आय' वर्गाचं परमिट. ही कागदपत्रं यजमान संस्थेच्या मदतीनं होतात आणि वेळ घेतात. 'आम्ही टुरिस्ट म्हणूनच लिहितो, कोण बघतं?' असा सल्ला देणारे भेटतील. विमानतळावर बॅगेतून शाळेचं वेळापत्रक निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, सल्लागाराला नाही.

३. सरकारी किंवा सरकारी कंपनीत नोकरी असेल तर

आपल्याकडच्या निम्म्या घरांना हे लागू पडतं आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. विदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१० म्हणजे एफसीआरए, याप्रमाणे सरकारी नोकर किंवा सरकारच्या मालकीच्या संस्थेतला कर्मचारी परदेशात परकीय पाहुणचार घेणार असेल, म्हणजे तिकीट, राहणं, जेवण यजमान करणार असतील, तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२ या फॉर्मवर असतो. बंदर, रेल्वे, शिपयार्ड अशा ठिकाणी असाल तर आधी आपल्या ऑफिसातल्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला विचारा. परदेश प्रवासाची एनओसी वेगळी, ही परवानगी वेगळी. खर्च आपला आपण करणार असाल तर तसं निमंत्रणपत्रात स्पष्ट लिहून घ्या.

४. पिवळ्या तापाची लस

'केनिया भारतीयांकडे लसीचं पिवळं कार्ड मागत नाही, मग कशाला?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. तुम्ही भारतातून जाताय आणि भारतात पिवळा ताप नाही, म्हणून तिकडे जाताना कार्डाचा प्रश्न सहसा येत नाही. प्रश्न येतो परतताना, मुंबईला उतरल्यावर. केनिया पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तिथून येणाऱ्याकडे वैध कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं.

गोव्यात ही लस मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात मिळते. रोज मिळेलच असं नाही, म्हणून आधी फोन करून दिवस ठरवून घ्या आणि मूळ पासपोर्ट घेऊन जा. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड वैध होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून फायदा नाही. अंड्याची अॅलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांपैकी काही असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर खिडकीपाशीच, तिथेच, तपासा.

मलेरियाचंही विचारून ठेवा. नैरोबी उंचावर असल्यानं तिथे धोका कमी, पण किनारपट्टीवर आणि व्हिक्टोरिया सरोवराकडे तो खरा आहे. मंडळी नक्की कुठल्या भागात आहे ते डॉक्टरांना सांगितलंत तर गोळ्या घ्यायच्या की नाही ते ते ठरवतील.

५. बॅगेत काय, काय नको

सोबत ठेवायची कागदपत्रं एका फाइलीत, आणि त्यांचे फोटो फोनमध्ये व घरच्यांकडे:
- पासपोर्ट आणि ईटीएची छापील प्रत
- निमंत्रणपत्र आणि आपल्या मंडळीचं ओळखपत्र
- परतीचं तिकीट
- पिवळं कार्ड
- प्रवास विमा
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी
- यजमानांचा पत्ता आणि दोन फोन नंबर, कागदावर लिहिलेले

प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून त्यांवर बंदी आहे आणि ती पाहुण्यांनाही लागू आहे. आपल्याकडे चपला एका पिशवीत, ओला टॉवेल दुसऱ्या, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळायची सवय असते. त्याऐवजी कापडी पिशव्या घ्या. कंपनीनं सील केलेलं पाकीट चालतं, म्हणून काजू न्यायचे तर दुकानाच्या सीलबंद डब्यातले न्या.

मे महिन्यात निघालात तर कोणीतरी हमखास मानकुराद आंबे देईल. ताजी फळं, रोपं, बियाणं परवानगीशिवाय नेता येत नाहीत. चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, तेही घरीच राहू द्या. आणि फेणी? गोव्याची खासियत म्हणून बाटली न्यावीशी वाटेल, पण तिथल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत दारू अजिबात चालत नाही. पाळकांच्या हातात भेट म्हणून फेणी ठेवली की पुढचा आठवडा अवघड जातो. एक साधी शाल न्या. शाल पांघरून मान देणं त्यांना लगेच कळतं आणि ती बॅगेत जागा खात नाही.

नैरोबी सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे. 'आफ्रिका म्हणजे उकाडा' असं धरून गेलात तर जून ते ऑगस्टमध्ये कुडकुडाल. स्वेटर हवाच. प्लग तिथे ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. उपासनेसाठी बायकांनी गुडघ्याखालचा पोशाख किंवा साडी, पुरुषांनी फुल पँट आणि शर्ट. बरमुडा घालून गावात फिरायची गोव्याची सवय तिथे नको.

६. मुंबई आणि पुढे

नैरोबीचं विमान बहुतेक जण मुंबईहून पकडतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि दरड कोसळली की सगळंच कोलमडतं. म्हणून त्या दिवसांत ट्रेननं जात असाल तर एक दिवस आधी पोहोचा. विमानतळासाठी सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. दाबोळी किंवा मोपाहून विमान घेत असाल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील असं पाहा. पहिलं विमान लेट झालं तर पुढची जबाबदारी कंपनीवर राहते.

केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या घ्या. जुन्या किंवा शाई लागलेल्या नोटा तिथे बदलून द्यायला कुरकुर करतात. उतरल्यावर पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्या आणि त्यावर एम-पेसा सुरू करून घ्या. २००७ पासून चालू असलेली ही मोबाइल पैशांची सोय भाजीवाल्यापासून मंडळीच्या अर्पणापर्यंत सगळीकडे चालते.

जवळच्या अंतरासाठी बोडा बोडा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, अगदी आपल्या गोव्यातल्या मोटरसायकल पायलटसारखी. हेल्मेट मागून घ्या आणि भाडं आधी ठरवा. मटाटूत, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, खिडकीशी बसून फोन हातात धरू नका. अंधार पडल्यावर यजमान सांगतील तसंच.

७. पहिला रविवार

आधी वेळेचा घोळ मिटवू. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. कोणी 'सा तातू'ला उपासना आहे म्हणालं, शब्दशः तीन वाजता, तर ते आपले सकाळचे नऊ. 'सा नाने', आठ, म्हणजे दुपारचे दोन. सूत्र सोपं: सहा तासांचा फरक. इंग्रजीत वेळ सांगितली तर ती आपल्यासारखीच. शंका आली की सरळ विचारा, 'इंग्रजी वेळ की स्वाहिली?'

उपासना लांबते. आपल्याकडे दीड तास झाला की मागचे बाक चुळबुळतात. तिथे तीन तासही होतात आणि कोणी घड्याळ पाहत नाही. सकाळी नीट खाऊन जा.

आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि तिथलं अँग्लिकन चर्च हे दोन्ही अँग्लिकन कम्युनियनमध्ये आहेत, त्यामुळे तिकडे गेलात तर उपासनाक्रम बराच ओळखीचा वाटेल. भाषा कळली नाही तरी आता पापकबुली, आता शास्त्रपाठ, हे लक्षात येतं. इतर पंथांत चाल निराळी.

जाहिरातींच्या, म्हणजे मंडळीच्या सूचना सांगायच्या, वेळी पाहुण्यांना उभं राहायला सांगतात. सुरुवात 'ब्वाना असिफिवे' म्हणून करा, मंडळी 'आमेन' म्हणेल. आवाज कमी पडला तर पुन्हा म्हणायला लावतील. मग नाव, गाव, आपल्या मंडळीचा सलाम आणि आभार. एवढंच. दुभाषी असेल तर दोन वाक्यं बोला आणि थांबा. कॅथलिक पॅरिशला गेलात तर अभिवादन 'तुमसिफु येसु क्रिस्तु' आणि उत्तर 'मिलेले ना मिलेले, आमिना'.

मग कोणीतरी म्हणेल, 'पाहुण्यांनी आता एक गीत म्हणावं.' हे जवळपास ठरलेलंच. इंग्रजी गीत शोधत बसू नका, ती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतात. टाळ्यांवर धरता येईल असं, ध्रुवपद छोटं असलेलं मराठी भजन घरून बसवून न्या. दुसऱ्या कडव्याला सगळी मंडळी ठेका धरते आणि तिसऱ्याला बायका पुढे येऊन नाचायला लागतात. आपल्याकडे वेदीसमोर कोणी असं नाचलं तर पंच उठून उभे राहतील. तिथे तुम्हीही पाय हलवा.

हस्तांदोलन सगळ्यांशी करावं लागतं, लहान मुलांशीसुद्धा. वडीलधाऱ्यांशी करताना डावा हात उजव्या कोपराजवळ टेकवतात. पाळकांना 'मचुंगाजी', वयस्कर बाईंना 'मामा', वयस्कर पुरुषांना 'म्झे'. नुसत्या नावानं हाक मारू नका.

खेडेगावच्या मंडळीत उपासनेनंतर लिलाव होतो. लोकांनी अर्पण म्हणून आणलेली केळी, अंडी, मका, दूध बाहेर टेबलावर मांडतात, अगदी आपल्या हंगामाच्या सणाला मांडतो तसं. एकदा पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी टेबलाखाली ठेवली होती. बोली चढायला लागली की ती नेमकी ओरडायची आणि लिलाव करणारा 'बाईंनी वाढवली!' म्हणून तिचीही बोली मोजायचा. हसून हसून लोक बेजार. शेवटी ती जास्तीत जास्त किमतीला एका गृहस्थांनी घेतली आणि थेट माझ्या हातात दिली. पाहुण्यासाठी विकत घेऊन पाहुण्यालाच द्यायची, ही पद्धत आहे. नको म्हणायचं नाही. दोन्ही हातांनी घ्यायची, आभार मानायचे आणि पाळकांच्या घरी नेऊन मामांच्या स्वाधीन करायची. स्वतः बोली लावायची असेल तर एखाद्या अंड्यांच्या ट्रेवर लावा. परदेशी पाहुण्यानं भारंभार बोली लावून गावातल्या माणसाला मागे टाकणं चांगलं दिसत नाही.

८. घरी जेवायला

एकाच दुपारी तीन घरी नेतात आणि तिन्ही घरी जेवण असतं. पहिल्या घरी पोटभर जेवलात की संपलंच. आधी घरातलं कोणी जग आणि घमेलं घेऊन येतं, तुमच्या हातावर पाणी घालतं. मग प्रार्थना, मग ताट: उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी आणि मांस. चपाती असेल तर समजा खास तुमच्यासाठी केली आहे. शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी पाळकांना सांगा. मका आणि घेवड्याचं गिथेरी सहज मिळतं. ऐनवेळी सांगितलंत तर ज्या घरानं कोंबडी कापली तिथली बाई खजील होते. दुधाचा चहा मात्र कुठेही नाकारू नका.

गोव्याचं नाव काढलं की एखादे म्हातारे गृहस्थ पियो गामा पिंटोंची गोष्ट काढतील. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला हा गोवेकर पत्रकार १९६५ मध्ये नैरोबीत मारला गेला. जोसेफ मुरुंबी १९६६ मध्ये केनियाचे उपराष्ट्रपती होते, त्यांचे वडील गोव्याचे. एवढं माहीत असू द्या. गोव्यातून आलेल्या माणसाला ही नावं ठाऊक नाहीत, हे त्यांना विचित्र वाटतं.

९. पैसे, शब्द आणि फोटो

कोणीतरी बाजूला घेऊन मुलाच्या फीबद्दल बोलेल. गरज खरी असते. 'बघतो', 'काहीतरी करू' असं म्हणू नका. आपल्याकडे 'बघतो' म्हणजे सौम्य नकार, तिथे तो होकार धरला जातो आणि वर्षभर वाट पाहिली जाते. 'मी एकटा ठरवू शकत नाही, तुम्ही मंडळीच्या कमिटीमार्फत आमच्या कमिटीला लिहा,' एवढंच उत्तर. भेटवस्तू आणि पैसे कमिटीच्या हाती, सर्वांसमोर, पावती घेऊन. मुलांना रस्त्यात चॉकलेटं वाटत फिरू नका.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ते प्रेमानं आपल्या मंडळीसाठी वर्गणी काढतील आणि पाकीट तुमच्या हाती देतील. ते आणून मंडळीच्या खात्यात भरता येत नाही. विदेशी योगदान घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. हे जाण्याआधीच पत्रानं कळवा. पाकीट पुढे आल्यावर सांगणं फार कठीण जातं.

मुलांचे फोटो आईवडिलांच्या आणि मंडळीच्या संमतीशिवाय नकोत, फेसबुकवर तर नकोतच. केनियात २०१९ पासून माहिती संरक्षणाचा कायदा आहे आणि मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. मुलांबरोबर एकटं राहू नका. दार उघडं, सोबत तिथला एक मोठा माणूस.

१०. परत आल्यावर

मुंबईला पिवळं कार्ड हातात ठेवा, चेक-इन बॅगेत टाकू नका.

पहिल्या आठवड्यात यजमानांना पत्र लिहा आणि ज्या घरांत जेवलात त्यांची नावं त्यात घाला, उपासनेत ते वाचून दाखवतात. आपल्या कमिटीला लेखी अहवाल द्या: कोणाला भेटलो, काय मागणी आली, काय उत्तर दिलं, किती खर्च झाला. पुढच्या वेळी जाणारा माणूस वेगळा असतो आणि तिथले लोक तुम्ही काय म्हणालात ते विसरलेले नसतात.

आणि परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी पॅरासिटामॉल खात बसू नका. जवळच्या डॉक्टरांकडे किंवा गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा, 'मी केनियाहून आलोय' हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्या.